बायकांच्या दिवशी शहामृग

रफीक, शहामृगाचं काय झालं ते तुला सांगायचंय. पण आधीच बजावते, मध्ये बोलायचं नाही. जन्मभर तू माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाहीस. "थांब आपा, तसं नाही ते," म्हणत घुसायचास मध्ये. आता घूस बघू. नाही ना येत? मग ऐक गुपचूप.

काल मी प्राणिबागेत जाऊन आले. लढाई सुरू झाली तेव्हा बंद केलेली बाग उघडली, आणि काल पहिला बायकांचा दिवस होता. परवा माझं विमान आहे. पासपोर्टवर फायनल एक्झिटचा शिक्का पडलाय, म्हणजे एकदा गेले की रियाध संपलं. फ्लॅटमध्ये आता माझी एक बॅग, तुझी एक बॅग आणि वायू आत येऊ नये म्हणून खिडक्यांना तू चिकटवलेली तपकिरी टेप एवढंच उरलंय. टेप काढायला गेले तर भिंतीच्या रंगाचे पोपडे निघायला लागले. राहू दिली. घरमालक शिव्या देईल, पण त्या काय मला घरी हर्णैपर्यंत ऐकू येणार आहेत?

तुझी बॅग मी तीनदा भरली आणि तीनदा उपसली. तुझ्या कामाच्या शर्टांना लसूणघासाचा वास येतो. नसीमासाठी ते न धुता न्यावेत की धुऊन, ते काही केल्या ठरेना. शेवटी एक धुतला, एक तसाच ठेवला. तिला काय हवं ते ती घेईल.

नसीमाचीच काळजी आहे खरी. तू गेल्यावर तिचा फोन आला होता. शेजारच्या घरी जाऊन बसली होती लाइन लागायची वाट बघत. रडली नाही. तुझी बायको म्हणजे तुझी बायकोच. एवढंच म्हणाली, "आपा, त्यांना कुठे ठेवलंय ते तुम्ही बघितलंत ना? मला सगळं सांगा हां. पोरांना काय सांगू मी?" मी म्हटलं, "येऊन सांगते." दुसरं काय बोलणार होते? तिला कसं सांगू की मी तुझी कबर बघितलेलीच नाही? इथे बायका कबरस्तानात जात नाहीत. सख्खी बहीण असली तरी नाही.

त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. भर दुपारी आभाळ काळवंडलं होतं. कुवेतच्या तेलाच्या विहिरी जळत होत्या, वारा फिरला की तो धूर इथवर यायचा. वॉर्डात एक बाई अडली होती, तिला मोकळं केलं, हात धूत होते, तर खालून बोलावणं आलं. तुझा तो सुदानी जोडीदार, इद्रीस, कॅज्युअल्टीच्या दारात उभा होता, आणि काय झालं ते त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं मी. तू चाऱ्याच्या शेडमध्ये छातीला हात लावून खाली बसलास म्हणाला. बसलास तो बसलास. लढाई संपली होती रे. भोंगे बंद झाले होते, तिकडे पळालेले लोक जेद्दाहून परतायला लागले होते, आणि तू आता गेलास! सगळ्या क्षेपणास्त्रांतून वाचून एका शेडमध्ये, घासाच्या पेंढीला टेकून. तुझं सगळंच उलटं.

त्याच संध्याकाळी तुला नेलं. मी हॉस्पिटलच्या मागच्या दारापर्यंत आले, पुढे पुरुष गेले. गाडीचा दरवाजा लागला आणि मी तिथेच उभी राहिले, कारण पुढे कुठे जायचं ते मला कळेना. नंतर इद्रीसने सांगितलं, लांबच लांब ओळी आहेत, ताजी माती, उशाशी एक दगड. नाव नाही, काही नाही. इथे सगळ्यांचं तसंच, मोठा असो की हमाल. मी विचारलं, कुठली ओळ? त्याने हाताने हवेत दाखवलं. बिचारा. हवेत कुठे ओळ दिसते?

म्हणून मी बाग उघडायची वाट बघत बसले. कबर नाही तर नाही, पण जायच्या आधी तू जिथे होतास ती एक जागा तरी डोळ्यांनी बघायची होती, म्हणजे नसीमासमोर बसताना काहीतरी खरं सांगता आलं असतं. रोज गेटवर फोन करायचे. तो चौकीदार म्हणायचा, "बुकरा, इन्शाअल्ला." उद्या! इतकी वर्षं इथे काढल्यावर बुकरा म्हणजे काय ते मला माहीत आहे. एकदा तर ओरडले त्याच्यावर, अस्सल मराठीत. तो शांतपणे म्हणाला, बुकरा.

तुझी आणि माझी बाग कधी एक नव्हतीच, नाही का? मी आधी इथे आले नर्स म्हणून, मागोमाग तुझा व्हिसा निघाला आणि कफीलने, म्हणजे व्हिसा काढणाऱ्या मालकाने, तुला बागेच्या ठेक्यावर लावलं. मी म्हटलं, चला, भाऊ रोज फुकटात हत्ती दाखवील. कसलं काय! पुरुषांचे दिवस वेगळे, बायका-मुलांचे दिवस वेगळे. पुरुषांच्या दिवशी मला गेटच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं. बायकांच्या दिवशी मी तिकीट काढून ऐटीत आत, आणि तू गेट उघडायच्या आत चारा टाकून, पिंजरे धुऊन मागच्या शेडमध्ये बंद. मी तुझ्या जनावरांसमोर उभी असायचे आणि तू पत्र्याच्या पलीकडे पेंढ्या मोजत. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मारायची सोय नव्हती.

मग जेवताना आपण हिशोब जुळवायचो. तू तुझ्या दिवसाचं सांगायचास, मी माझ्या दिवसाचं. आमटी-भात एकीकडे आणि पाणघोडा एकीकडे. आठवतं, मी पहिल्यांदा पाणघोडा बघून धावतपळत घरी आले होते? म्हटलं, रफीक, अरे त्याच्या अंगातून रक्त येतंय, कानामागून ओघळ लागलेत, डॉक्टरला सांग. तू घास गिळलास आणि म्हणालास, "ते रक्त नाही, आपा. त्याचा घामच तसा. लाल. उन्हात कातडं करपू नये म्हणून येतो."

"मी नर्स आहे. रक्त मला ओळखता येत नाही?"

"माणसाचं येत असेल."

आणि मग हळूच कबूल केलंस की पहिल्या दिवशी तूही बोंबलत डॉक्टरकडे पळाला होतास. तेवढ्यावरून मी तुला माफ केलं.

जिराफावर मात्र मी बाजी मारली होती. तू सांगत आलास की एवढी लांब मान, हाडंच हाडं असतील आत. मी म्हटलं, सात. माणसाच्या मानेत सात, जिराफाच्या मानेतही सातच, फक्त एकेक हाड वीतभर लांब. आम्हाला शिकवलंय. तू दोन दिवस मानलं नाहीस. बागेच्या डॉक्टरला विचारून आलास तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. म्हणालास, "सात तर सात. पण तो झोपत नाही फारसा, ते तुला कुठे माहीत होतं? उभ्या उभ्या डुलकी काढतो." पडलास तरी नाक वर.

आणि समुद्री कासव! या अल्ला, त्या कासवाचं तर तू किती वर्षं मनात धरून ठेवलंस. आपण लहान होतो, पहाटे बापाबरोबर किनाऱ्यावर गेलो होतो आणि कासवीण वाळूत अंडी घालत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, ती रडतेय, पोरं टाकून जावं लागतं म्हणून. तू म्हणालास, जनावरं रडत नाहीत. त्यावरून मी तुला वाळूत लोळवला होता. आणि इथे रियाधला, दोघांचे केस पिकायला लागल्यावर, एक दिवस दारातूनच ओरडत आलास, चपला पण काढल्या नाहीस. "आपा! ते रडणं नव्हतं! समुद्राचं मीठ पोटात जातं ना, ते डोळ्यांतून बाहेर टाकते ती! डॉक्टर म्हणाला!" तीस वर्षांनी खटला जिंकल्याचा काय तो आनंद. मी म्हटलं, मीठही टाकत असेल आणि रडतही असेल, दोन्ही एका वेळी करता येत नाही का? तू म्हणालास, पुरावा?

तुझं ते पुरावा. कोणी बघितलं? कधी? किती वाजता? बाप वकील असता तर समजलं असतं. होड्या रंगवायचा आपला बाप.

आता करता येतं बरं का दोन्ही एका वेळी. गेले काही आठवडे मी तेच करतेय.

तर शहामृग. तुझा तो काळाकुट्ट नर, उंच, पांढऱ्या शेपटीचा. अरबस्तानातले शहामृग शिकार करून करून कधीच संपले, हा आफ्रिकेतून आणलेला. तू म्हणायचास, "आपल्यासारखाच बाहेरचा. ह्याचा इकामा, राहायचा परवाना, कोण काढतो ते विचारायला पाहिजे." त्याचा एक डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा, हे तू मला सांगितलंस आणि वर म्हणालास की आपल्या गावात असे बरेच आहेत. वाळूत डोकं खुपसतो ते सगळं खोटं. पायाला दोनच बोटं, पण लाथ अशी की सिंह मागे सरतो. खडे गिळतो, कारण दात नाहीत, पोटातले खडेच चारा दळतात. नर काळा आणि मादी मातकट का, तर ती दिवसा अंड्यांवर बसते, वाळूत दिसू नये म्हणून, आणि रात्रपाळी नराची. मी म्हटलं, म्हणजे नाइट ड्यूटी बाप्यांना, हे बरं आहे, आमच्या हॉस्पिटलात लावा.

आणि मग मी तुला सांगितलं की तो बायकांच्या दिवशी नाचतो.

तेव्हापासून तू त्या वादाला जळूसारखा चिकटलास. मी स्वतः बघितलं होतं, रफीक. आम्ही सगळ्या काळ्या अबायांत, कुंपणाला ओळीने उभ्या. तो लांबून चालत आला, आमच्यासमोर थांबला आणि गुडघे दुमडून खाली बसला. दोन्ही पंख पसरले, आणि एकदा हा पंख वर, एकदा तो, असा डुलायला लागला. मान मागे टाकून दोन्ही बाजूंना पाठीवर आपटत होता, आवाज येत होता धप धप. पोरं टाळ्या पिटायला लागली. एक म्हातारी सौदी बाई माझ्या दंडाला धरून हसत हसत म्हणाली, हा लग्नाची मागणी घालतोय. मी घरी येऊन तुला सगळं करून दाखवलं, चटईवर बसून, दोन्ही हात पसरून. तू पाणी पिता पिता ठसकलास.

"तो मादीपुढे नाचतो, आपा. तुझ्यापुढे कशाला नाचेल?"

"का? माझ्यात काय कमी आहे?"

"तसं नाही गो. तुम्ही सगळ्या काळ्या. काळा म्हणजे त्याच्या लेखी नर. नर दिसला तर तो उंच होऊन फुत्कारेल, खाली बसून लाडात येणार नाही. तुला भास झाला असेल. ऊन होतं."

भास! चाळिशी उलटली, माझ्यापुढे आजवर कोणी नाचलं नव्हतं. एक जीव नाचला तर त्याला हा भास म्हणतो. मी वॉर्डातल्या मल्याळी नर्सला साक्षीला आणलं, तर म्हणालास, तुझ्या बाजूची साक्ष चालणार नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, पण कांकण बघायला तुला बागेत यायला पाहिजे, आणि त्या दिवशी तुला यायची बंदी. पुढच्या खेपेला पुन्हा नाचला. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मी येऊन सांगायचे आणि तू भातावर आमटी ओतत म्हणायचास, "कोणी बघितलं?"

मग ऑगस्टमध्ये इराकी कुवेतमध्ये घुसले, आणि शहामृग बाजूला पडला. बागेतले येमेनी कामगार बघता बघता निघून गेले, त्यांच्या सरकारने इराकची बाजू घेतली म्हणून त्यांचं इथलं राहणंच संपलं. उरलात तू, इद्रीस आणि थोडे. शेजारची कुटुंबं जेद्दाला गेली, कोणी मुंबईला. मी तुला म्हटलं, चल जाऊ. तू म्हणालास, तू जा. मी म्हटलं, मला हॉस्पिटल सोडत नाही. तू म्हणालास, मला इद्रीस सोडत नाही. ते खोटं होतं, इद्रीस बिचारा कोणाला काय म्हणणार? जनावरं सोडत नव्हती तुला. नसीमाला मात्र कळवलंस की आपाला एकटीला टाकून कसा येऊ. माझ्या नावावर खपवलंस. ती मला अजून त्याबद्दल दुवा देते, आणि मी ती घेते.

लढाई पेटली तशी आपल्याला विषारी वायूपासून वाचायचे मास्क दिले. मी तुला घालायला शिकवलं, पट्टे आवळून दिले. दुसऱ्या दिवशी तो तू शेडमधल्या खिळ्याला टांगून ठेवलास. मी कडाडले. तू सांगितलंस की मास्क घालून ताइफच्या डोंगरातून आणलेल्या माकडांच्या पिंजऱ्यात गेलो, तर तो करड्या आयाळीचा म्होरक्या दात विचकून अंगावर आला, सगळ्या माद्यांना मागच्या भिंतीशी कोंबलं आणि दिवसभर कोणी दाण्याला शिवलं नाही. तोंड दिसल्याशिवाय ओळखत नाहीत ती.

"माकडांपायी जीव देणार आहेस?"

"त्यांना कुठे मास्क दिलेत, आपा?"

"मूर्ख आहेस."

"असेन."

हा वाद रोज व्हायचा आणि रोज इथेच थांबायचा. मी अजून मूर्खच म्हणते तुला. वायू आला नाही, म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. आला असता तर? ह्याचं उत्तर तू दिलेलं नाहीस आणि आता देणारही नाहीस, हे मला फार लागतं रे. भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी रीत नव्हती.

एक मात्र त्या लढाईने दिलं. बाग बंद होती, म्हणजे ना पुरुषांचा दिवस ना बायकांचा. फेब्रुवारीत एका दुपारी तू मला ड्यूटीवरून चाऱ्याच्या गाडीतून घेऊन आलास आणि इद्रीसने मागचं गेट उघडलं. इतक्या वर्षांत आपण दोघं पहिल्यांदा बागेत एकत्र. मोकळे रस्ते, पाण्याच्या नळाचा तेवढा आवाज. तू पुढे पुढे चालत होतास, लग्नघरातल्या यजमानासारखा. ओरिक्स हरण दाखवलंस, पांढरंशुभ्र, सरळ शिंगांचं. म्हणालास, "ह्याला पाणी दिलं नाही तरी किती दिवस चालवून घेतं. दवावर, पाल्यावर भागवतं. आपल्या कोकणात आणलं तर पावसाने वेडं होईल." वाळवंटातून ते पार नाहीसं झालं होतं, बागांतून जगवलं तेवढंच राहिलं, असंही म्हणालास, आणि कुंपणातून हात घालून त्याच्या कपाळाला लावलास.

मग रोहित पक्ष्यांच्या तळ्याशी थांबलो. ते गुलाबी असतात ते खाण्यामुळे, हे मला माहीत होतं. पण पिल्लाला आई-बाप दोघंही गळ्यातून दूध काढून पाजतात, लालभडक, आणि पाजता पाजता त्यांचा स्वतःचा रंग उतरत जातो, हे तू तेव्हा सांगितलंस. सांगून झाल्यावर काठावरचं एक पीस उचलून बोटांत फिरवत राहिलास. तुझी पोरं तिकडे, तू इकडे. मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? आपण जगातल्या सगळ्या जनावरांवर बोललो, रफीक, आपल्या दोघांवर कधी बोललोच नाही.

शेवटी शहामृग. "चल," तू म्हणालास, "आज निकाल लावू." मी अबाया सारखी केली, कुंपणाशी उभी राहिले, तू शेजारी हाताची घडी घालून. तो आला. माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही. सरळ तुझ्या खिशात चोच घातली आणि मग शर्टाचं बटण उपटायला लागला. तू इतका हसलास की खोकला लागला. "बघ! हरलीस!"

"तू आहेस म्हणून! तू असलास की त्याचं सगळं ध्यान तुझ्या खिशात. तू जा बघू लांब, मग नाचेल."

"मी लांब गेलो तर मला दिसणार कसं? नाचता येईना अंगण वाकडं, आपा!"

शेवटी शेडच्या दाराआड लपलास. तर तो शहाणा माझ्याकडे पाठ करून त्या दाराकडेच बघत उभा. एवढाले डोळे, त्याला काय तू दिसत नव्हतास? मी म्हटलं, सिद्ध झालं. तू असलास की तो नाचत नाही. तू म्हणालास, काहीच सिद्ध झालं नाही. गाडीत बसून घरी येईपर्यंत तेच चाललं होतं. तो आपला शेवटचा चांगला दिवस. तेव्हा कळत नाही ना.

काल गेले तर बाग तशी ओकीबोकी. बायका थोड्याच, बऱ्याच जणी अजून जेद्दाहून आल्या नसतील. झाडांच्या पानांवर काजळी, बोट लावलं तर काळं होत होतं. मी आधी कुठेच थांबायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाय थांबलेच. माकडांचा म्होरक्या उन्हात बसला होता, एक मादी त्याच्या आयाळीत बोटं घालून उवा बघत होती. रोहितांना नवी पिसं येतायत, फिकी. पाणघोड्याच्या कानामागे लाल ओघळ होते. पाच-सहा वर्षांची एक मुलगी ओरडली, रक्त, रक्त! मी तिला माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं, रक्त नाही ग, घाम आहे त्याचा. तिची आई माझ्याकडे बघायला लागली. मी तशीच पुढे निघाले.

शेडचं दार बंद होतं. पलीकडे इद्रीस असणार, बायकांचा दिवस ना. बादलीचा आवाज आला. एक क्षण मला वाटलं... जाऊ दे. काय वाटलं ते तुला सांगायला नको.

शहामृगाच्या कुंपणाशी उभी राहिले. अजून चार-पाच जणी आल्या, काळ्या अबायांची ओळ झाली, अगदी तेव्हासारखी. ऊन तेच, वेळ तीच. तो लांबून चालत आला. वाळलाय जरा. आमच्यासमोर थांबला. आता बसेल, आता पंख पसरेल. तो उभाच. मान वर करून बघत होता, आणि माझ्याकडे नव्हता बघत, माझ्या खांद्यावरून मागे.

मी हळूच म्हटलं, "नाच रे मेल्या. परवा माझं विमान आहे." बाकीच्या कंटाळून गेल्या. मी थांबले. ऊन कललं, पोरांना हाका मारत बायका गेटकडे निघाल्या, तरी मी थांबले आणि तोही थांबला. नाही नाचला. जरासुद्धा नाही.

तू काय म्हणशील ते सगळं मला पाठ आहे. खुराक कमी पडला, पिसं झडतायत, धुराचा त्रास झाला असेल, हंगाम पुढे गेला असेल. किंवा मग सरळ म्हणशील की तो कधी नाचलाच नव्हता, हरलीस. बरं. म्हण.

पण मग मला माझंच बोलणं आठवलं. तू असलास की तो नाचत नाही. हे तुझ्या तोंडावर मीच ठासून सांगितलं होतं, गाडीत, घरी येईपर्यंत. मान तर शिवशिवत होती मागे वळून बघायला, पण मी वळले नाही. लपलेल्याला असं लगेच पकडायचं नसतं, हे आपलं लहानपणापासूनचं ठरलेलं आहे. बंद करायची घंटा होईपर्यंत आम्ही तिघं, तो, मी आणि माझ्या मागे तू, तसेच उभे होतो. मग मी पदरासारखी अबाया सावरली आणि सरळ गेटकडे चालत आले.

आता नसीमासमोर बसेन. तिला सांगेन, हो, बघून आले तो कुठे आहे ते. पोरांनाही सांगेन. कुंपण कसं आहे, तळं कुठे, शेडचं दार कुठल्या रंगाचं, सगळं सांगेन. आणि तू तिकडून विचारशीलच, तुझी खोड जायची नाही, कोणी बघितलं, आपा? पुरावा काय?

शहामृग नाचला नाही, रफीक.